पवनचक्क्यांची स्थाननिश्चिती

पवनचक्क्यांची स्थाननिश्चिती : वाऱ्यातील गतिज ऊर्जेपासून वीज निर्माण करणारी यंत्रे कोठे, किती उंचीवर व परस्परांपासून किती अंतरावर उभारावीत, हे ठरविण्याच्या प्रक्रियेला पवनचक्क्यांची स्थाननिश्चिती असे म्हणतात. औष्णिक विद्युत् केंद्राला लागणारा कोळसा आगगाडीने शेकडो किमी. दूर नेता येतो. पाणीही कालव्याने वळविता येते. वारा मात्र जेथे वाहतो तेथेच वापरावा लागतो. इंधनाचा खर्च मुळीच नसल्याने पवनचक्कीच्या विजेची किंमत जवळजवळ सर्वस्वी भांडवली खर्चावर आणि जागेच्या गुणावगुणांवर अवलंबून असते. त्यामुळे चुकीच्या टेकडीवर उभारलेली पवनचक्की, तिची यंत्ररचना कितीही निर्दोष असली तरी, आपल्या वीस-पंचवीस वर्षांच्या आयुष्यभर तोटाच दाखविते.

समुद्रकाठच्या औद्योगिक शहरांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. विजेची मोठी मागणी तेथेच असते. बंदराच्या आवारात रुंद रस्ते, जड सामान उचलणाऱ्या याऱ्या व उपकेंद्रे आधीपासून असतात. आणि समुद्रावरून भरपूर वारा येतो अशी सर्वसाधारण समजूत असते. मुंबईला वीज पुरविण्यासाठी मुंबईच्या किनाऱ्यावरच पवनचक्क्या का उभारू नयेत, असा प्रश्न जुलै महिन्यात मरीन ड्राइव्हवर छत्री उलटलेल्या कोणाही माणसाच्या मनात येण्यासारखा आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील बहुतेक पवनचक्क्या किनाऱ्यापासून दूर, सातारा, सांगली, धुळे, नंदुरबार, अहिल्यानगर इ. जिल्ह्यांतील डोंगरमाथ्यांवर व पठारांवर आहेत. त्या तेथे का गेल्या आणि तेथील भूमी व माणसे यांना त्याची कोणती किंमत द्यावी लागली, हे पाहिले म्हणजे स्थाननिश्चितीची बहुतेक तत्त्वे स्पष्ट होतात.

वाऱ्याची शक्ती : वाऱ्यातील शक्ती हवेच्या घनतेच्या व पात्यांनी व्यापलेल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात असते, वाऱ्याच्या वेगाशी मात्र तिचे प्रमाण वेगाच्या घनाचे असते. वेग दर सेकंदास ५ मी. ऐवजी ६ मी. असेल, तर वेगातील वाढ केवळ २० टक्के, परंतु शक्तीतील वाढ सु. ७३ टक्के होते. उलट, वेगाच्या अंदाजात १० टक्क्यांची चूक झाल्यास हाती येणारी शक्ती अपेक्षेपेक्षा २७ टक्क्यांनी कमी ठरते. या शक्तीपैकी जास्तीत जास्त ५९.३ टक्के भागच कोणत्याही चक्राला काढून घेता येतो, हे जर्मन भौतिकीविज्ञ आल्बेर्ट बेट्स यांनी पहिल्या महायुद्धानंतर लगेचच दाखवून दिले. पाते कितीही कौशल्याने घडविले, तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. जागेच्या निवडीने मात्र उत्पादन दुप्पट वा निमपट होऊ शकते.

घनाच्या या नियमामुळे वर्षाचा सरासरी वेग फसवा ठरतो. एखाद्या ठिकाणी वर्षभर दर सेकंदास ६ मी. वेगाचा एकसारखा वारा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी सहा महिने ३ मी. व सहा महिने ९ मी. वेगाचा वारा आहे, असे मानू. सरासरी वेग दोन्हीकडे सारखाच. परंतु दुसऱ्या ठिकाणच्या वाऱ्यात पहिल्याच्या पावणेदोन पट ऊर्जा असते. मॉन्सूनच्या प्रदेशात हे उदाहरण पुस्तकी राहत नाही. महाराष्ट्रातील पवनचक्क्या आपल्या वार्षिक उत्पादनापैकी निम्म्याहून बराच अधिक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देतात. म्हणूनच जागेचे मूल्यमापन सरासरी वेगावरून न करता प्रतिचौरस मीटर वॉटमध्ये मोजलेल्या शक्तिघनतेवरून करतात. भारतात दीर्घकाळ जमिनीपासून ५० मी. उंचीवर २०० वॉट ही शक्तिघनता किमान योग्यतेची मानली जात असे. केंद्रीय विद्युत् नियामक आयोगाने २००९ मध्ये पवनविजेच्या दरासाठी जागांचे याच राशीनुसार वर्ग पाडले. २०० ते २५० वॉटच्या जागेवर यंत्राच्या स्थापित क्षमतेचा सरासरी २० टक्के, तर ४०० वॉटहून अधिक शक्तिघनतेच्या जागेवर ३० टक्के वापर होईल, असे त्यात गृहीत धरले होते.

जमिनीलगतचा वारा झाडे, घरे व उंचवटे यांच्या घर्षणाने मंदावतो व उंचीबरोबर वाढत जातो. सपाट मोकळ्या प्रदेशात वेगाची वाढ साधारणपणे उंचीच्या एक सप्तमांश घाताच्या प्रमाणात होते. या हिशोबाने १० मी. उंचीवरील वेगाच्या मानाने ८० मी. वरील वेग सु. एक तृतीयांशाने अधिक आणि शक्ती जवळजवळ अडीचपट असते. दाट वस्तीवर हा घात बराच मोठा असतो. म्हणजे तेथे चांगला वारा मिळविण्यासाठी आणखी उंच जावे लागते.

शहरातील वारा : इमारत ही वाऱ्याच्या दृष्टीने एक अडथळा होय. अडथळ्याच्या वातविन्मुख बाजूस वारा मंदावतो व संक्षुब्ध होतो. स्थूलमानाने हा परिणाम अडथळ्याच्या उंचीच्या दुपटीपर्यंत वर आणि वीसपटीपर्यंत पुढे जाणवतो. म्हणजे ६० मी. उंचीची एक इमारत आपल्यामागील सव्वा किमी. पट्ट्यातील वारा बिघडविते आणि शहरात अशा इमारती शेकड्यांनी असतात. संक्षोभाने उत्पादन घटते एवढेच नव्हे, तर पात्यांवर व दंतचक्रांवर क्षणोक्षणी बदलणारा भार येऊन त्यांना थकवा येतो. छपरांवर बसविलेल्या लहान पवनचक्क्यांची निराशाजनक कामगिरी याच कारणाने होते. रस्त्याच्या तोंडाशी दोन इमारतींच्या मधून सुटणारा जोराचा झोत हा पुष्कळदा वाऱ्याच्या विपुलतेचा पुरावा म्हणून दाखविला जातो. तो केवळ अरुंद वाटेचा परिणाम असतो.

कोकण किनाऱ्यावरील वाऱ्याचेही असेच आहे. पावसाळा सोडल्यास तेथे दिवसा खारे व रात्री मतलई वारे वाहतात. खारे वारे दुपारनंतर सुखद वाटतात, पण त्यांचा थर उथळ व वेग मध्यम असतो आणि सकाळ-संध्याकाळी दिशा पालटत असताना हवा बराच वेळ स्तब्ध राहते. माणसाच्या त्वचेला हवाहवासा वाटणारा वारा आणि यंत्राला पुरेसा वारा यांत मोठे अंतर आहे.

किनारी औद्योगिक शहरांतील उदाहरणे : असे असूनही काही बंदरांच्या शहरांनी पवनचक्क्यांना यशस्वी रीतीने जागा दिली आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील ब्लाइथ बंदराच्या धक्क्यावर १९९२-९३ मध्ये प्रत्येकी ३०० किवॉ. क्षमतेच्या नऊ पवनचक्क्या उभारण्यात आल्या होत्या. समुद्रात शिरलेल्या धक्क्यावर वारा अडविणारे काही नसते आणि वस्तीही नसते, हा त्या जागेचा गुण. अमेरिकेत बफलो शहराजवळ लॅकवाना येथे ईअरी सरोवराच्या काठी बंद पडलेल्या पोलाद कारखान्याच्या जमिनीवर २००७ मध्ये प्रत्येकी २.५ मेवॉ. क्षमतेची आठ यंत्रे सुरू झाली. धातुमळीने व रसायनांनी दूषित झालेली ती जमीन घरांसाठी निरुपयोगी होती. कारखान्याचे रस्ते व विद्युत् वाहिन्या मात्र आयत्याच होत्या. बहारीनची राजधानी मनामा येथे २००८ मध्ये दोन उंच मनोऱ्यांमधील पुलांवर २९ मी. व्यासाची तीन चक्रे बसविण्यात आली. मनोऱ्यांना शिडासारखा आकार देऊन वारा मधल्या फटीत वळविण्याची ही कल्पना स्थापत्याच्या दृष्टीने लक्षणीय आहे; विजेच्या हिशोबात तिचे महत्त्व अल्प आहे.

या सर्वांत डेन्मार्कमधील कोपनहेगनचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. तेथील बंदरापासून सु. ३.५ किमी. अंतरावर मिडलग्रुन्डेन नावाचा उथळ भाग आहे. बंदरातील गाळ व टाकाऊ पदार्थ तेथे दीर्घकाळ टाकले जात असत. त्यावर २००० साली प्रत्येकी २ मेवॉ. क्षमतेच्या वीस पवनचक्क्या उभारण्यात आल्या. मूळ योजना तीन रांगांत सत्तावीस यंत्रांची होती. जाहीर सुनावणीत नागरिकांनी शहरावरून दिसणाऱ्या दृश्याबद्दल हरकती घेतल्या. त्यानंतर संख्या वीसवर आणून ती सर्व एकाच कमानदार रांगेत मांडण्यात आली. निम्मी यंत्रे वीज कंपनीची व निम्मी हजारो नागरिकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीची आहेत. ज्यांच्या नजरेसमोर यंत्रे फिरणार, त्यांना जागा ठरण्यापूर्वी विचारले गेले आणि नफ्यातही वाटा मिळाला. आपल्याकडील अनुभवाशी ताडून पाहण्याजोगी ही गोष्ट आहे.

मुंबईची स्थिती : कोपनहेगन व ब्लाइथ ही शहरे पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यात असल्याने तेथे बाराही महिने, विशेषतः हिवाळ्यात, जोराचा वारा असतो. मुंबईत तो प्रामुख्याने पावसाळ्यातच मिळतो. दुसरी अडचण जागेची. केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आवाजाचा उपद्रव टाळण्यासाठी पवनचक्की कोणत्याही राहत्या घरापासून किमान ५०० मी. दूर असावी लागते. म्हणजे एका यंत्राभोवती सु. ७८ हेक्टर क्षेत्रात एकही घर नको. मुंबई बेटावर अशी जागा शोधणे व्यर्थ आहे. याशिवाय रस्ते, लोहमार्ग व उच्च दाबाच्या वाहिन्या यांपासून मनोऱ्याची उंची, चक्राच्या व्यासाचा निम्मा भाग व आणखी ५ मी. यांच्या बेरजेइतके अंतर राखावे लागते. यंत्र कोसळलेच, तरी ते त्यांच्यावर पडू नये, हा त्यामागील हेतू होय.

पूर्व किनाऱ्यावरील शिवडी ते तुर्भे हा गोद्या, तेलशुद्धीकरण कारखाने व साठवण टाक्या यांचा पट्टा वरवर पाहता लॅकवानासारखा दिसतो. परंतु तेथील जमीन वापरात आहे, ज्वालाग्राही द्रव्ये आहेत आणि तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. सांताक्रूझचा विमानतळ जवळ असल्याने बांधकामाच्या उंचीवर निर्बंध आहेत. आधुनिक पवनचक्कीच्या पात्याचे टोक मात्र २०० मी. हून अधिक उंच जाते. शिवडी व ठाणे खाडीच्या चिखलपट्ट्यांवर हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये रामसर कराराखालील पाणथळ क्षेत्रांच्या यादीत समाविष्ट झाला. सारांश, या शहराच्या किनाऱ्यावर पवनचक्कीला जागा नाही. लहान प्रात्यक्षिक यंत्रे वेगळी. त्यांचा उपयोग शिक्षणाचा आहे, पुरवठ्याचा नव्हे.

तथापि आपली वीज आपल्या हद्दीबाहेरील डोंगरातून आणण्याची मुंबईची रीत पवनचक्क्यांहून फार जुनी आहे. टाटांचे खोपोली येथील जलविद्युत् केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले ते मुंबईच्या गिरण्यांसाठीच. त्यामागून भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही केंद्रे आली. मावळ-मुळशीतील गावे व शेती पाण्याखाली गेली आणि दिवे मुंबईत लागले. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली केलेला सत्याग्रह याच प्रश्नावर होता. पवनचक्क्यांसाठी पुढे निवडले गेलेले डोंगर याच सह्याद्रीचे आहेत. त्यामुळे तेथील स्थाननिश्चितीकडे केवळ तांत्रिक प्रश्न म्हणून पाहणे पुरेसे नाही.

देवगड ते वनकुसवडे : भारतातील पहिली पवनक्षेत्रे १९८६ च्या सुमारास किनाऱ्यावरच उभारली गेली : गुजरातेत ओखा येथे, तमिळनाडूत तुतिकोरिन बंदराच्या परिसरात आणि महाराष्ट्रात देवगड येथे. ५५ किवॉ. क्षमतेची, १५ मी. व्यासाच्या चक्रांची डॅनिश बनावटीची लहान यंत्रे त्यांत वापरली होती. राज्यात या कामासाठी महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण (महाऊर्जा) ही संस्था १९८५ मध्ये स्थापन झाली होती. देवगड-जामसंडे येथील जांभ्याचा सडा उघडा, झाडी नसलेला व समुद्राकडे तोंड करून असल्याने जागा तर्कशुद्ध होती. पावसाळ्याबाहेरील मंद वारा आणि लोखंडी भागांना लागणारा खारा गंज या तेथील मर्यादा होत. शासकीय प्रात्यक्षिक प्रकल्पांचे काम चूक करून शिकणे हेही असते, आणि त्या दृष्टीने देवगडने आपले काम चोख केले.

पुढील शोध सह्याद्रीच्या माथ्याकडे वळला. नैर्ऋत्य मॉन्सूनच्या काळात अरबी समुद्रावर सु. १.५ किमी. उंचीवर एक वेगवान वायुप्रवाह वाहत असतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून येणारा हा प्रवाह फिंडलेटर या वातावरणवैज्ञानिकाने १९६० नंतरच्या दशकात स्पष्ट केला. समुद्रसपाटीवर त्याचा केवळ खालचा, घर्षणाने मंदावलेला थर जाणवतो. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वर असलेले वनकुसवड्याचे पठार सु. १,१०० मी. हून उंच आहे. ठोसेघराजवळील चाळकेवाडीचे पठारही तसेच उंच आहे. येथे निसर्गानेच यंत्राला या प्रवाहाच्या जवळ नेऊन ठेवले आहे. समुद्रसपाटीच्या मानाने या उंचीवर हवा सु. १० टक्क्यांनी विरळ असते व तेवढी शक्ती कमी मिळते, परंतु वेगाच्या घनापुढे हे नुकसान क्षुल्लक ठरते. जांभ्याच्या टोपणामुळे माथे सपाट आहेत, पाया घट्ट मिळतो आणि झाडी विरळ आहे. १९९० नंतरच्या दशकात या पठारांवर प्रथम प्रात्यक्षिक व नंतर मोठ्या प्रमाणावर खाजगी यंत्रे उभी राहिली. वनकुसवडे हे एके काळी आशियातील मोठ्या पवनक्षेत्रांत गणले जात असे. सांगली जिल्ह्यातील ढालगाव, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल व अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील कवड्या डोंगर ही इतर प्रमुख क्षेत्रे होत. विदर्भात चिखलदऱ्याजवळील मोथा येथेही प्रात्यक्षिक प्रकल्प झाला.

ही वाढ निव्वळ वाऱ्याने झाली असे मात्र म्हणता येणार नाही. पवनचक्कीवरील भांडवली खर्चाचा १०० टक्के घसारा पहिल्याच वर्षी मिळण्याची आयकरातील सवलत, तसेच राज्याची विक्रीकर सवलत यांमुळे वाऱ्याशी काहीही संबंध नसलेल्या उद्योगांनी यंत्रे विकत घेतली. सवलत क्षमतेवर मिळत होती, उत्पादनावर नव्हे. साहजिकच कराचे वर्ष संपण्यापूर्वी यंत्र उभे करण्याची घाई झाली आणि वाऱ्याची मोजणी मागे पडली. घसाऱ्याचा दर पुढे ८० व २०१७ पासून ४० टक्के झाला. चांगल्या जागेवर वाईट मांडणी आणि मध्यम जागेवर दाट गर्दी, हे त्या घाईचे अवशेष आजही पठारांवर पाहावयास मिळतात.

मोजणी व मांडणी : भारतातील पवनऊर्जेच्या पद्धतशीर मोजणीचे श्रेय मोठ्या प्रमाणावर ॲना मणी (१९१८–२००१) यांच्याकडे जाते. भारतीय वातावरणविज्ञान खात्याच्या या ज्येष्ठ शास्त्रज्ञ महिलेने निवृत्तीनंतर देशभरातील वेधशाळांच्या नोंदींचे संकलन प्रसिद्ध केले (१९८३) आणि पवनमापन केंद्रांच्या जाळ्याचे नेतृत्व केले. वेधशाळांची उपकरणे विमानतळांवर व शहरांत, १० मी. उंचीवर असल्याने त्या नोंदी पवनचक्क्यांना पुरेशा नव्हत्या. त्यासाठी डोंगरमाथ्यांवर स्वतंत्र मनोरे उभारावे लागले. हे काम पुढे चेन्नई येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या, आता राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेकडे आले.

जागा हेरताना प्रथम नकाशे पाहतात. त्यानंतर झाडांच्या वाढीवरूनही बरेच कळते. सतत एका बाजूने वारा खाल्लेली झाडे वातविन्मुख दिशेस झुकलेली असतात व त्यांच्या फांद्या एकाच बाजूस उरतात. माहीतगार गुराखी अशा वेळी नकाशाहून उपयोगी पडतो. मग मनोरा उभारून त्यावर निरनिराळ्या उंचींवर वेगमापक व वातकुक्कुट बसवितात आणि दर दहा मिनिटांच्या सरासरीची निदान एक संपूर्ण वर्ष नोंद घेतात. मॉन्सून वर्षावर्षाला कमीअधिक जोराचा असल्याने या एका वर्षाची तुलना जवळच्या वेधशाळेच्या दीर्घकालीन नोंदींशी करणे अपरिहार्य असते. पावसाळ्याचे चार महिने मोजून वर्षाचा अंदाज बांधणे हा या क्षेत्रातील सर्वांत महाग पडलेला आळस होय.

एका चक्राने ऊर्जा काढून घेतल्यावर त्यामागे मंद व संक्षुब्ध वाऱ्याचा पट्टा उरतो. म्हणून भारतात यंत्रांमधील अंतर वाऱ्याच्या प्रमुख दिशेत व्यासाच्या सातपट व तिला काटकोनात पाचपट ठेवण्याचा प्रघात आहे. १२० मी. व्यासाच्या चक्रासाठी ही अंतरे अनुक्रमे ८४० व ६०० मी. होतात. डोंगराच्या धारेवर प्रमुख दिशेस आडवी अशी एकच रांग उत्तम. कड्याच्या अगदी टोकावर मात्र वारा उसळून तिरपा येतो. तेथून काही अंतर मागे सरणे हिताचे असते. यंत्राचे पाते जाईल असा घाटरस्ता आणि वीज वाहून नेणारे उपकेंद्र नसेल, तर उत्तम वाऱ्याची जागाही कागदावरच राहते.

जीवसृष्टी : पठारावर ‘काही नाही’, हा समज स्थाननिश्चितीतील दुसरा मोठा दोष. सह्याद्रीच्या सड्यांवर माती इंचभर असते, पण पावसाळ्यात तेथे अन्यत्र न आढळणाऱ्या वनस्पती फुलतात. चाळकेवाडीपासून फार दूर नसलेले कास पठार त्यासाठीच २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत समाविष्ट झाले. पवनचक्कीच्या पायाने व्यापलेली जागा थोडी असते. रस्ते, यारीसाठी केलेले सपाटीकरण व त्यांमुळे बदललेला पाण्याचा निचरा यांचा परिणाम त्याहून कितीतरी अधिक असतो.

बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी चाळकेवाडी येथे केलेले व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या बाबतीत जगभर उद्धृत केले जाते. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण नसलेल्या भागाच्या सु. एक चतुर्थांश आढळले. भक्षक कमी झाल्याने पंख्यासारखी रंगीत गळपिशवी असलेल्या सरड्यांची संख्या वाढली. त्यांच्या रक्तातील ताणदर्शक संप्रेरक घटले व माणूस जवळ आल्यावर ते उशिरा पळू लागले. गर्दीमुळे त्यांना अन्न मात्र कमी मिळू लागले. पक्षी पात्याला आपटून मरतात एवढाच विचार पूर्वी होत असे. यंत्र स्वतः जणू शिखरस्थ भक्षकासारखे संपूर्ण अन्नसाखळी बदलते, हे या सड्यावर दिसून आले. पुणे जिल्ह्यात भीमाशंकर अभयारण्यालगत आंध्रा जलाशयाच्या वरच्या वनजमिनीवरील प्रकल्पामुळे झालेली वृक्षतोड व रस्त्यांची धूप यांची दखल पश्चिम घाट परिस्थितिकी तज्ज्ञ गटाच्या २०११ च्या अहवालात घेतली गेली आहे. तेथील वारा चांगला आहे, यात शंका नाही. जागा चांगली होती असे त्यावरून ठरत नाही.

लोक व पाऊस : २००० नंतरच्या दुष्काळी वर्षांत सातारा, सांगली व धुळे जिल्ह्यांतील अनेक शेतकऱ्यांची अशी समजूत झाली की, पवनचक्क्या ढग पळवून लावतात. शास्त्रदृष्ट्या तीत तथ्य नाही. त्या काळच्या यंत्रांचा प्रभाव जमिनीलगतच्या शंभर-सव्वाशे मीटर थरापुरता होता; पाऊस देणारे ढग कित्येक किमी. जाडीचे असतात आणि त्यांतील बाष्प हजारो किमी. समुद्रावरून येते. शिवाय उत्तम वाऱ्याच्या यांपैकी काही जागा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील पूर्व भागात आहेत. तेथे पवनचक्क्यांपूर्वीही दुष्काळ पडत. वारा जोरात व पाऊस कमी हे दोन्ही एकाच भूरचनेचे परिणाम असल्याने एकाला दुसऱ्याचे कारण समजणे सोपे गेले.

परंतु या समजुतीला अज्ञान म्हणून सोडून देणे योग्य नव्हते. माळाची जमीन घेताना तिचा पुढील उपयोग व मोल यांची माहिती विकणाऱ्यास क्वचितच असे. गुरांच्या चराईच्या वाटा बंद झाल्या. साक्री भागात आदिवासींच्या कसत्या वनजमिनींवरून वाद झाले आणि भारनियमनाच्या त्या वर्षांत गावावर पाती फिरत असताना घरात अंधार असे. तक्रार ऐकून घेणारे कोणी नसले, की ती ढगांच्या भाषेत बोलली जाते. जागा ठरविण्यापूर्वी ग्रामसभेपुढे वाऱ्याच्या नोंदी, जमिनीचा मोबदला व रस्त्यांचा आराखडा ठेवणे हा मोजणीइतकाच आवश्यक टप्पा मानावयास हवा.

नव्या शक्यता : मनोऱ्यांची उंची वाढल्याने योग्य जागांचा नकाशाच बदलला आहे. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्राची पवनक्षमता १०० मी. उंचीवर सु. ४५ हजार मेवॉ., १२० मी. वर सु. ९८ हजार मेवॉ. व १५० मी. वर सु. १ लक्ष ७४ हजार मेवॉ. आहे. पूर्वी दुर्लक्षिलेले धाराशिव, बीड यांसारखे मराठवाड्यातील जिल्हे आता विचारात घेतले जातात. वाशीम जिल्ह्यातील जऊळक्यासारख्या, समुद्रापासून शेकडो किमी. आत असलेल्या गावांसाठीही हा प्रश्न पुढेमागे उपस्थित होऊ शकेल. मात्र हे आकडे प्रतिमानांवरून काढलेले आहेत. एखाद्या गावी मनोरा उभारून मोजणी करावी की नाही, एवढेच त्यांवरून ठरते.

दुसरी शक्यता जुन्या जागांच्या फेरवापराची. राज्यातील सर्वोत्तम माथे नेमके सर्वांत जुन्या व लहान यंत्रांनी व्यापलेले आहेत. ती काढून त्या जागी थोडी पण मोठी यंत्रे उभारण्यासाठी केंद्र शासनाने २०१६ व २०२३ मध्ये धोरणे जाहीर केली. याने नवा सडा न फोडता उत्पादन वाढू शकते, रस्ते व वाहिन्या आधीच असतात आणि यंत्रांची संख्या घटते. अडचण मालकीची आहे : एकेका रांगेत अनेक मालकांची यंत्रे असून नव्या यंत्राला जुन्या पाच-सहा यंत्रांचा अवकाश लागतो. त्यामुळे हे काम संथ गतीने चालले आहे.

औद्योगिक किनारी शहरांना सर्वांत जवळचा मोकळा वारा समुद्रावरच मिळू शकतो. त्याविषयीचे राष्ट्रीय धोरण २०१५ मध्ये जाहीर झाले व खंबायतच्या आखातात पिपावाव बंदराजवळ २०१७ पासून लेसर किरणांच्या साहाय्याने वाऱ्याची मोजणी करण्यात आली. पहिल्या प्रकल्पांसाठी गुजरात व तमिळनाडू यांचे किनारे निवडण्यात आले असून त्यांना प्रत्येकी ५०० मेवॉ. क्षमतेसाठी अर्थसाहाय्य देण्याची योजना २०२४ मध्ये मंजूर झाली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यापुढे जहाजांचे मार्ग, मुंबई हाय व वसईच्या तेल-वायू क्षेत्रांच्या नळवाहिन्या आणि मासेमारीची क्षेत्रे आहेत. मुंबईपुढील समुद्रात जागा शोधावयाची झाल्यास डोंगरावर गुराख्यांना न विचारलेला प्रश्न तेथे कोळ्यांना आधी विचारावा लागेल.